पाव्हणं, कंचा धातू?

प्रिय दाजी,

जयभीम. आज सकाळी तुमचा साचा फोडला!

चौदा महिने तो परसातल्या पत्र्याच्या शेडात ताडपत्रीखाली तसाच पडून होता. आत काय निघालं ते सांगणारच आहे, पण लगेच नाही. तुम्ही एखादी गंमत सांगताना मध्येच तंबाखू मळत बसायचात आणि आम्हाला ताटकळत ठेवायचात. आज माझी पाळी! आक्का आत चहा टाकतेय. मी तुमच्याच पाटावर बसलोय, हात काळे झालेत, आणि कागदावर अंगठा उमटतोय. चालवून घ्या.

लिहायला बसलो कारण तुम्हाला एक उत्तर द्यायचं राहिलंय. आणि एक माफी मागायची राहिलीय.

तो रविवार तुम्ही विसरला नसाल. पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. मी नेहमीसारखा कासुर्डीहून गाडी काढून, चौफुल्यावरून केडगाव, पारगावचा पूल ओलांडून तुमच्या न्हावऱ्याच्या विहारात ग्रंथवाचनाला आलो होतो. तुमच्या गावाला माझं वाचन आवडायचं, आणि ते आवडतंय हे मलाही जरा जास्तच आवडायचं. मी वाचलं, सर्व प्राणिमात्रांच्या ठायी बुद्धधातू आहे. थांबलो. शब्द मुरावा म्हणून थांबलो होतो. तेवढ्यात मागच्या भिंतीपासून तुमचा आवाज आला.

"पाव्हणं, कंचा धातू? पितळ का पंचधातू?"

काय हसलं विहार! कुणीतरी ओरडलं, "मिस्तरी, वितळवायचा इचार हाय का काय?" भंते तोंडावर चीवर धरून हसले. बायका हसल्या. आणि मी, तुमचा सख्खा मेहुणा, काय बोललो?

"दाजी, हा तुमच्या भट्टीतला धातू न्हाई. कळत न्हाई तिथं गप बसावं."

मग कुणी हसलं नाही. तुम्ही टोपी काढली, झटकली, परत घातली. मी पुढचं पान वाचलं. काय वाचलं ते आज एक अक्षर आठवत नाही, पण तुमची ती टोपी आठवते.

पण तुम्ही गप कुठे बसलात, दाजी? ज्याला दिवसभर लोखंड ओतायचंय असा माणूस एका शब्दाच्या मागे एवढा लागेल असं मला वाटलंच नव्हतं. आठ महिने भेटेल त्याला विचारत सुटलात!

आधी भंतेंना गाठलंत. भंते लंकेत शिकून आलेले. त्यांनी सांगितलं, आमच्या परंपरेत या अर्थाने हा शब्द नाही. चित्त मुळात उजळ आहे, मळ बाहेरून येऊन बसतो, एवढंच आम्ही म्हणतो. आत कुणी आधीच बसलाय असं धरलं तर तो आत्माच झाला, आणि तो मागच्या दाराने आत घ्यायचा नाही. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "म्हंजी भंते, मूर्तीची ग्यारंटी न्हाई. नुस्ती घासणी." भंते म्हणाले, "नुस्ती न्हवं, मिस्तरी. रोजची."

मग थंडीत दौंडला गेलात आक्काच्या डोळ्यांना चष्मा करायला, आणि आलात लाल स्वेटर घेऊन! स्टेशनजवळ दरवर्षी स्वेटरचं दुकान लावून बसणाऱ्या त्या तिबेटी बाईंना तुम्ही थेट बुद्धधातूच विचारलात. आक्काने मला त्या बाईंची नक्कल करून दाखवली होती.

"भाईसाब, सूरज तो है ही. बादल आता है, जाता है. कोई लामा बोलता है अंदर पूरा बुद्ध बैठा है. कोई बोलता है अंदर खाली है, इसीलिए कुछ बन सकता है. वो लोग इस पे बहुत झगड़ा करते हैं."

"और तुम क्या बोलती है?"

"मैं बोलती हूँ, स्वेटर ले लो."

घेतलात! आपल्याकडच्या उन्हात तो स्वेटर तुम्ही दोनदा घातला असेल. पण त्या दिवशी तुम्ही मला डेअरीवर फोन केला होता. मी दुधाचं फॅट काढत होतो, समोर रांग. तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, ती बाई खरं बोलली. साचा रिकामा हाय म्हणून तर मूर्ती व्हती. भरलेल्या साच्यात काय वतनार, कप्पाळ?" मी "बरं बरं, मग बोलू" म्हणून फोन ठेवला. ज्या वादावर पंडितांनी पोथ्या भरल्या, त्यातली एक बाजू तुम्ही एका वाक्यात सांगितली, आणि मी म्हशीच्या दुधाचा आकडा लिहीत होतो.

जपानी साहेबांचा किस्सा तर तुमच्या कोरेगाव भीमाच्या फाउंड्रीत अजून सांगतात. तिथून तुमच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसंसुद्धा तो सांगून डोळे पुसत हसत होती. साहेब पंपाचे भाग तपासायला आलेले. बरोबर दुभाषी पोरगी. तुम्ही तिला पुढे घालून विचारलंत. साहेबांनी आधी वाकून नमस्कार केला, मग जमिनीकडे बोट दाखवलं. वाळू, झाडू, पडलेला नट. त्या पोरीने सांगितलं, "ते म्हणतात, यांच्यात बुद्ध आहे असं नाही. हे सगळं तेच आहे."

"आन् ह्यो रिजेक्ट माल?"

"तोही."

"मंग साहेब, रिजेक्ट का करता?"

सगळं खातं हसलं. साहेब सगळ्यात जास्त हसले. मग त्यांनी ढिगातला एक रिजेक्ट तुकडा उचलला, कानस मागितली, त्याची एक बोचरी कड स्वतः घासून गुळगुळीत केली, आणि तुकडा परत रिजेक्टच्या ढिगात ठेवून दिला.

ते सांगताना तुम्ही हसत नव्हता. "पाव्हणं, परत ढिगातच ठिवला. पर घासून ठिवला," एवढंच म्हणालात.

त्यानंतर तुम्ही मूर्ती ओतायला घेतलीत. लहानपणी शिरूरच्या ओताऱ्याकडे शिकलेलं काम, पस्तीस वर्षांनी. मेणाची मूर्ती घडवलीत, वर माती, वर तूस-शेणाची माती, थरावर थर, मग भाजून आतलं मेण वितळवून काढलंत. घरोघरी हिंडून मोडकी भांडी मागितलीत. नुसत्या आपल्याच आळीत नाही, वरच्या आळीतल्या पाटलीणबाईंनीसुद्धा गळका हंडा आणून दिला. आक्काने लग्नातला तांब्या दिला, आमच्या आईने नाव घालून दिलेला. मला जरा लागलं होतं, खरं सांगतो. पितळ ओतलंत आणि सगळ्यांना बजावलंत, "आठ दिस हात लावायचा न्हाई. निवू द्या."

सहाव्या दिवशी तुम्हीच गेलात. छातीत कळ काय आली आणि शिरूरपर्यंत पोचेपर्यंत सगळं संपलं. असं कुणी अर्ध्या कामातून उठतं का हो?

आक्काने साच्यावर ताडपत्री घातली आणि कुणालाही हात लावू दिला नाही. या वर्षी विहाराची डागडुजी झाली, रंग झाला. बुद्धपौर्णिमा दहा दिवसांवर आली. कमिटीच्या अध्यक्षांनी पुण्यात फायबरची मूर्ती बघून ठेवली. पांढरीशुभ्र, एक डाग नाही. ते आक्काला म्हणाले, "वैनी, मिस्तरींची मूर्ती असंल तर तीच बसवू. पर असंल का? बघू तरी द्या." ती बघू देईना. मग त्यांनी मला बोलावलं.

आज सकाळी मी शेडात गेलो तर आक्का साच्याला पाठ लावून बसलेली.

"फोडायचा न्हाई, भास्कर. आत काय न्हाईच निघालं तर? पितळ पोचलंच नसंल तर? एकदा हासली मानसं त्यांना. आता माघारी हासायला नको."

दाजी, मी खाली मातीत बसलो. म्हटलं, "आक्का, तेव्हा माणसं प्रेमाने हसली होती. टोचून बोललो तो मी."

"ठाव हाय मला."

"दाजींनी सांगितलं?"

"घरी आलं तवाच म्हनलं. पाव्हणं बराबर बोललं, मला कळत न्हाई, म्हनून तर इचारलं."

एवढंच? रागवलातसुद्धा नाही? थोडं तरी रागवायचं होतंत, दाजी. माझं ओझं हलकं झालं असतं.

मग मी तिला सांगत बसलो. म्हटलं, आक्का, त्या बुद्धधातूला आणखी एक नाव आहे, तथागतगर्भ. त्यावर एक जुना दाखलाही आहे. सोन्याची मूर्ती ओतलीय, पण वरून नुसती जळकी काळी माती दिसते. बघणाऱ्याला वाटतं ढेकूळ आहे. ओतणाऱ्याला माहीत असतं.

ती "गर्भ" या शब्दावर थांबली.

"गर्भ म्हंजी पोटातला?"

"व्हय."

"मंग ह्ये पुस्तकवाल्या बाप्यांना काय कळनार! पोटात असतं तवा न्हाई म्हनता येत न्हाई, आन् हाय म्हनून दावता बी येत न्हाई. बाईला तेवढं ठाव असतं." मग बोटांवर मोजायला लागली. फाल्गुन, चैत्र, वैशाख... मोजता मोजता तिचा चेहराच बदलला. "आगं बया! चौदा झालं की रं! मीच अडवून बसली व्हय? दिस भरल्यावर कुनी पोटात ठिवतं का? ऊठ, हातुडी आन."

पहिला घाव तिनेच घातला.

माती पडायला लागली तशी आळी गोळा झाली. अध्यक्ष आले, भंते आले, पाटलीणबाई हंड्याचं काय झालं ते बघायला आल्या. आधी एक गुडघा निघाला. मग मांडी. आणि मग...

निघाली, दाजी! अख्खी निघाली!

काळीकुट्ट. अंगभर पितळ ओतायच्या नळ्यांची शिंगं. उजव्या हाताच्या दोन बोटांपर्यंत पितळ पोचलंच नाही, ती आखूड आहेत. आक्काने पदराने तोंड पुसलं. मूर्तीचं, स्वतःचं नाही. आणि किंचाळली, "अय्या! ह्ये तर ह्यांचंच नाक!"

खरंच की! तेच बसकं, फुगीर नाक! मेणात घडवताना तुम्हाला दुसरं नाक सुचलंच नाही का? हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. आक्का हसता हसता खाली बसली आणि हसता हसताच रडली. मीही. माणसं माघारी हसतील म्हणून जी चौदा महिने घाबरली होती, तीच सगळ्यात मोठ्याने हसत होती.

अध्यक्षांनी तिथेच फोन लावला. "फायबरची नको. आमची घरचीच निघाली."

भंते जवळ आले, काळ्या खांद्यावरून बोट फिरवलं, काजळी बघितली. "मिस्तरी बरोबर होते, आणि मीही," ते म्हणाले. "आता घासणी."

आखूड बोटं जोडून घेऊ का म्हणून विचारलं, तर आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यांच्या डाव्या हाताचं बी एक बोट भट्टीनं नेलंच व्हतं."

आता तुमचं उत्तर. फार उशिरा सापडलं, तेही आज सकाळी पारगावच्या पुलावर. आमच्या शाळेत गुरुजींनी व्याकरण शिकवलं होतं. कर, बस, ऊठ, चाल; क्रियापदाचं मूळ ते धातू! पितळ नाही, पंचधातू नाही, तोही धातूच. 'बुद्ध' शब्दाचाही तसाच धातू आहे, बुध्, म्हणजे जागं होणं. म्हणजे आत एखादी वस्तू ठेवलीय की नाही यावर लोक भांडले, पण कदाचित आत एक क्रिया आहे, आणि ती कुणीतरी करायची आहे. चौथीत शिकलेलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवलं नाही. मला कळत नव्हतं, दाजी. गप मी बसायला हवं होतं.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? "मंग दोनी धातू लागत्याल की, पाव्हणं. एक वतायला, एक घासायला." असंच काहीतरी. मला ऐकूच येतंय.

पौर्णिमेपर्यंत घराघरांनी पाळ्या लावल्यात. आजची पाळी माझी होती. आयुष्यभर पेन आणि दुधाची बाटली धरलेला हात, दोन तासांत तीन फोड आले. पण गुडघ्यावर नखाएवढी जागा उघडी झालीय, आणि तिथून ऊन परत येतंय. आईच्या तांब्याचा रंग अगदी तसाच होता.

एक वचन देतो. येत्या वर्षावासात मी तेच पुस्तक, तेच पान वाचणार. तो शब्द आला की थांबणार. मग पुस्तक मिटून मागे जाणार, तुमच्या भिंतीला टेकून बसणार, आणि सगळ्यांसमोर तुमचाच प्रश्न मोठ्याने विचारणार. आणि कुणी काहीही उत्तर दिलं, कितीही वेडंवाकडं, तरी ते संपेपर्यंत ऐकणार.

चहा आला. आक्का म्हणतेय, त्यांना लिही, नाक मी घासनार, दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई.

तुमचं पाव्हणं,
भास्कर