‘सोड’ कुणाला म्हणालात?

अण्णा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे काही लिहीत नाही. तुम्हाला त्याचा कंटाळाच होता, आणि हे कागद पोचणार तरी कुठे? पण आज सकाळी माझे जावई दारात स्वतःच्या मोटारीखाली शिरले. नुसते दोन पाय बाहेर. मी तुळशीला पाणी घालत होते, तांब्या तिथंच टाकला आणि ओरडले, “आधी बाहेर या! आत्ताच्या आत्ता!” बिचारे डोकं आपटून बाहेर आले. “काय झालं आई? साप दिसला का?” काय सांगणार कप्पाळ? साप दिसला असता तर मी इतकी घाबरले नसते. लेक म्हणाली, “आई, तू पण ना, कमाल करतेस.” मी आत येऊन कागद घेऊन बसले. म्हटलं, ज्यांच्यामुळे ओरडले त्यांनाच लिहावं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. आपण साताऱ्याकडचं गाव सोडून चिंचवडला, एका शेतकऱ्याच्या गोठ्यालगतच्या दोन खोल्यांत राहत होतो. तुम्ही सायकलवरून पिंपरीला कारखान्यात फिटरकामाला जायचात आणि घरी आलात की त्या मोटारीच्या पायाशी. लष्करानं भंगारात काढलेल्या जीपचा सांगाडा, कुठल्याशा ट्रकचं स्टिअरिंग, वर सागाच्या फळ्या आणि पत्रा. आज लोक असल्या गाड्या धुऊनपुसून मिरवायला काढतात, तेव्हा सगळी आळी तिला डबडं म्हणायची. तिची दुरुस्ती कधी संपलीच नाही, कारण तिच्यात तुमच्या हातून झालेल्या चुकाच जास्त होत्या. पण तुम्हाला चुकांची लाज कशी ती नव्हतीच. जेवायला बसलं की पहिला घास घेण्याआधी तुम्ही आज काय चुकलं ते मोठ्यानं सांगायचात. आई म्हणायची, “लोक नैवेद्य दाखवतात, आमच्याकडे चूक दाखवतात.” एकदा तुम्ही ब्रेकमध्ये शिवणयंत्राचं तेल घातलंत. तेल ते तेल, असं तुम्हाला वाटलं. आतली रबरं फुगून गोळा झाली. त्या रात्री कढीभाकरीबरोबर आम्ही रबरं ऐकली.

नवी रबरं बसवली, पण ब्रेकच्या नळीत हवा राहिली, ती काढायला तो उद्योग निघाला. एकानं वर बसून ब्रेकचं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली निजून नळीचा नट सैल करायचा, हवा बुडबुडत बाहेर गेली की नट आवळायचा, मग वरच्यानं पाय उचलायचा. गाडीचं तोंड घराकडे, पाठ ओढ्याकडे, आणि मध्ये चांगला उतार. गाडी घसरू नये म्हणून मागच्या चाकाला दगडाची उटी लावलेली. मी पेडलवर, तुम्ही खाली. आईला तुम्ही उटीपाशी उभं केलंत. “काम झालं की गाडी मागं घ्यायची आहे, मी सांगितलं की दगड काढ,” म्हणालात. आणि थोड्या वेळानं खालून तुमचा आवाज आला, “हां, सोड!”

मी पाय उचलला. आईनं दगड उचलला.

दोघींनीही तुमचंच ऐकलं, अण्णा. गाडी माझ्यासकट मागं निघाली, आणि ज्या जागी ती उभी होती तिथं हळूहळू तुम्ही दिसायला लागलात, उताणे, डोळे मिटलेले. पुढच्या चाकांचा आस तुमच्या छातीच्या वरून गेला तो मला पायाखाली, फळ्यांच्या फटीतून दिसला. गाडी शेणाच्या उकिरड्यात रुतून थांबली. तुमच्या सदऱ्याची बाही चाकानं फाडून नेली होती आणि हात मात्र शाबूत होता. तुम्ही उठून बसलात, खोकलात. मी रडायला लागले. आई रडली नाही. ती दगड पोटाशी धरून उभी. घरमालक बैल सोडून धावत आले. “वैनी, ठेवा तो धोंडा खाली,” ते म्हणाले. तिला ते ऐकूच गेलं नाही. शेवटी तुम्ही तिची बोटं एकेक करून सुटी केलीत.

त्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, “चूक हाताची नव्हती, शब्दाची होती. शब्द माझा होता.” तुमच्यापुरतं ते संपलं. आईचं संपलं नाही. ती प्रत्येक गोष्ट उचलण्याआधी विचारायला लागली. तवा उतरवू ना? घागर घेऊ ना? झाकण काढू ना? पोळी करपायची, तरी ती हातात फडकं घेऊन आपली कुणाच्या तरी ‘हो’ची वाट बघत उभी. घरमालक गोठ्यातून ‘गाय सोडतो गं’ म्हणून ओरडले तरी हिचा चेहरा पांढराफटक. माझ्या धडधाकट, तोंडाळ आईचं असं व्हावं! मला गाडीची भीती वाटायचीच, आता आईची वाटायला लागली. ही अशीच राहिली तर?

आणि तुम्ही काय केलंत? बैल लावून गाडी पुन्हा त्याच जागी आणलीत. घरमालक कपाळाला हात लावून म्हणाले, “फिटर, कशाला यमाला आवतान देताय राव? बैल घ्या. हो म्हटलं की थांबतो. ह्या डबड्याला कान न्हाईत.” तुम्ही हसलात आणि आईला म्हणालात, “उद्या सकाळी पेडलवर तू बसायचंस.” मी म्हटलं, मी बसते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तीच बसेल. नाहीतर ही चूक आपल्या घरातच बिऱ्हाड करील.” आई म्हणाली, “मी मेले तरी बसणार नाही.” मला तुमचा असा संताप आला होता! स्वतःचा जीव पणाला लावून बायकोची भीती घालवायची, ही कुठली रीत?

सकाळी ती बसली. का बसली कोण जाणे. चारी चाकांना तुम्ही दगड लावून मातीत पुरले होते, हत्तीनंही हलणार नाहीत म्हणालात. पण घाबरलेल्याला दगड किती आहेत ते दिसत नाही. ‘सोड’ हा शब्द तुम्ही बाद केला होता. ‘दाब’ आणि ‘पाय वर’, बास, तिसरा शब्द नाही. तुमचे पाय गाडीखाली जाताना मी पाहिले.

पुढचं तुम्हीच जन्मभर सांगत राहिलात. कारखान्यात, सोयरिकीत, माझ्या लग्नात मांडवातसुद्धा. “मी ‘दाब’ म्हटलं की ती दाबायची, ‘पाय वर’ म्हटलं की पाय वर. एक शब्द चुकला नाही. शब्द पक्का तर काम पक्कं. विचारा पोरीला, साक्षीला होती!” आणि मी मान हलवायची. ब्रेक खरंच धरायला लागले. त्या संध्याकाळी आईनं कुणाला न विचारता तवा उतरवला, आणि उलट तुम्हालाच झापलं की सदऱ्याला एवढं काळं लावून पाटावर बसू नका.

पुढं एकदा माझ्या बाळंतपणाला आली असताना, मटार सोलता सोलता आई म्हणाली, “तुला म्हणून सांगते. त्या दिवशी मला त्यांचा एक शब्द ऐकू आला नाही गं. कान गच्च झाले होते. पायाखालच्या फळ्या काढलेल्या होत्या ना, त्यातून त्यांचे पाय दिसत होते. जोर लावला की त्यांचा अंगठा ताठ व्हायचा, काम झालं की सैल पडायचा. ते बघून मी दाबत होते. नजर हलवली तर ते जातील, असं वाटत होतं.” मग पदरानं डोळे पुसून हसली. “त्यांना सांगू नकोस हं. शब्दांवर भारी जीव आहे त्यांचा.”

नाही सांगितलं. आजही हे कागद घडी करून कपाटात साड्यांखाली जातील. पण साक्षीचं राहिलंच. तुमचे पाय आत गेले आणि मी पळाले, अण्णा. गोठ्यात कडब्यामागे कानांत बोटं घालून बसले होते, घरमालकांनी ओढून काढेपर्यंत. तुमचा तो पक्का शब्द आम्हा दोघींपैकी एकीनंही ऐकला नव्हता.