नव्या आईची ओढणी

ती. आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. इंदूरला मी मजेत आहे, शिशुगृहातलं जेवणही ठीक आहे, टेन्शन नको घेऊ. ग्वाल्हेरला थंडी पडली का? बाबांचा गुडघा कसा आहे?

मी इथे सांभाळायचे ती माझी रुची काल दत्तक गेली. तीच गं, माझी वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही ती. आमच्याकडे नव्या आईची वापरलेली ओढणी आधीच मागवतात आणि लेकराजवळ ठेवतात, म्हणजे वासाची ओळख होते. मीच रोज तिच्या मुठीतून वेणी सोडवून ओढणी द्यायची. आधी खूप रडली, मग ओढणीच मागायला लागली.

काल ती बाई आली आणि रुची सरळ तिच्या कडेवर गेली. तिच्या ओढणीत तोंड खुपसलं, वळूनसुद्धा पाहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, "क्या बात है अस्मिता, बच्ची रोई तक नहीं!" मीपण हसले. खरं सांगू, मला पोरीचा रागच आला.

बाकी सब ठीक. स्वानंदला म्हणावं, अभ्यास कर.

आणि आई, इकडे कुणी येणार असेल तर तुझी एखादी नेसलेली साडी पाठव. धुऊ नकोस.

तुझीच,
अस्मिता