कबरीचं सूत

मलकापूर,
ता. ३ नोव्हेंबर १९७६

चि. सलिमा हिस दादाचा दुवा.

मी ठीक आहे. शेजारची बाळाबाई भाकरी देते, मी खातो. रडू येत नाही.

एक काम आहे. तुझ्या दादीच्या कबरीची रेघ मीच आखून दिली. आयुष्यभर गवंडीकाम केलं, जवळच्या भिंतीवरून सूत धरायची हाताला सवय. त्या दिवशी कब्रस्तानाच्या रस्त्याकडच्या भिंतीवरून धरलं. धरायचं होतं मशिदीच्या पश्चिम भिंतीवरून. तिला समांतर कबर असली तरच तोंड काब्याकडे येतं. काल माझ्या जोडीला काम करणारा दिलदार म्हणाला, मिस्त्री, भाभीचं डोकं रस्त्याकडं गेलंय की. मौलवी म्हणतात, थोडा फरक माफ असतो. थोडा म्हणजे किती, ते सांगत नाहीत.

चाळिसाव्या दिवशी कबरीच्या कडेचे दगड बसवायचेत. तुला अकरावीला रेघांचं गणित आहे ना? मी मापं घेतली, पहिलं रस्त्याच्या भिंतीपासून, दुसरं दक्षिणेच्या भिंतीपासून. त्या दोन्ही भिंती काटकोनात आहेत, गुण्या लावून पाहिलंय. मशिदीच्या भिंतीचं एक टोक ८ फूट, ४० फूट. दुसरं ९, ६४. कबरीचं पायथ्याचं टोक २०, १२. उशाचं २०, १८. माझं मन राखायला खोटं लिहू नकोस.

तुझा दादा,
बाबालाल

कोल्हापूर,
ता. ८ नोव्हेंबर १९७६

ती. दादांना सलाम वि. वि.

पत्र इथं घरी मामांना दाखवलं नाही. गणित तीनदा केलं.

मशिदीच्या भिंतीचा चढ चोवीस येतो. समीकरण य = २४क्ष − १५२. काब्याची दिशा तिला लंब, म्हणून तिचा चढ उणे एक चोविसांश. दादीच्या रेघेचा चढ निघतच नाही, भागाकारात खाली शून्य येतं. तिचं समीकरण नुसतं क्ष = २०. म्हणजे ती रस्त्याच्या भिंतीला समांतर आहे, मशिदीच्या नाही. समांतर हवी असती तर उशाचं टोक २० फूट ३ इंचांवर यायला हवं होतं.

दादा, तीन इंच. पण तोंड काब्याकडे मौलवींनी हातानं वळवलं होतं, असं दफनाच्या दिवशी तुम्हीच सांगितलंत. दगड तरी य = २४क्ष − ४६८ या रेघेवर बसवा, म्हणजे वरून बरोबर दिसेल, कुणी बोलणार नाही.

जेवत जा. माया असू द्या.

आपली,
सलिमा

मलकापूर,
ता. १६ नोव्हेंबर १९७६

चि. सलिमा हिस दुवा.

तुझा कागद घेऊन गेलो. तू सांगितलेल्या रेघेवर सूत ताणलं. मशिदीशी अगदी जुळलं. दिलदारही म्हणाला, आता बरोबर झालं.

मग मी सूत सोडलं. दगड तिथं बसवले असते तर लोकांना सरळ दिसले असते, आणि उशाशी तीन इंच रिकाम्या मातीवर गेले असते. ती आहे तिथं दगड हवेत. क्ष = २० वरच बसवले. दिलदारनं चुना कालवून दिला.

परीक्षेत सांभाळून लिही. म्हाताऱ्याचा विसर पडू देऊ नकोस.

तुझा दादा,
बाबालाल