अथेन्सच्या बाईंपुढे माझं ग्रीक

४ जानेवारी १९९९
आजपासून रोज पहाटे पाचला प्राचीन ग्रीक. बारा वर्षं घरच्या घरी शिकतोय. गुरू नाही, म्हणूनच पाया पक्का. अख्ख्या जुन्नर तालुक्यात माझ्या तोडीचा कुणी नाही. शाळेत इतिहास शिकवून मेंदू गंजतो.

५ जानेवारी
उठलो साडेसातला. थंडी फार. ग्रीसमध्ये हवा बरी असते.

१९ जानेवारी
बातमी! अथेन्सच्या प्राध्यापक बाई पुढच्या महिन्यात येताहेत. मनमोडीच्या लेण्यांना यवनांनी, म्हणजे ग्रीकांनीच, दान दिलं होतं. ते शिलालेख बघायला. हेडमास्तरांना सांगून टाकलं, स्वागताचं भाषण मी करणार, ग्रीकमध्ये. त्यांनी विचारलं, जमेल ना? मी नुसता हसलो.

२ फेब्रुवारी
भाषणाचं एक वाक्य झालं. क्रियापदं आडवी येतात. हिनं विचारलं, एवढं करून काय मिळणार हाय? म्हटलं, अथेन्स. बाई ऐकणार, विद्यापीठात बोलावणार. उघड आहे. ही म्हणाली, जाताना तेवढं दळण टाकून जा.

११ फेब्रुवारी
राजीनामा दिला. ऐनवेळी धावपळ नको. हिला सरप्राइज.

१५ फेब्रुवारी
भाषण तीन वाक्यांवर थांबवलं. थोर माणसं मोजकंच बोलतात.

१७ फेब्रुवारी
लेण्यापाशी बोललो. आवाज खणखणीत. शाळेचा शिपाई बहिरू मागून पुटपुटला, सर, ह्यो कंच्या देवाचा मंतर? बाईंनी हात जोडून ऐकलं. मग इंग्रजीत म्हणाल्या, काही कळलं नाही, पण तुमची मराठी फार गोड आहे. टाळ्या. मी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. त्यांनी पुन्हा हात जोडले.
दोष स्पष्ट आहे. आजकालच्या ग्रीकांनी उच्चार पार बिघडवलेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बहिरूनं हिला राजीनाम्याचं सांगितलं. वाटलं, आता भांडेल. भांडली नाही. एवढंच म्हणाली, मला इचारायचं तरी व्हतं. चूल पेटवली नाही.

१८ फेब्रुवारी
हेडमास्तरांच्या घरी गेलो. आधी म्हटलं, फेरविचार करतोय. ते पेपर वाचत राहिले. मग हात जोडले. ग्रीकमध्ये विनवणीसाठी क्रियापदाचं वेगळं रूप आहे. मराठीत नुसतं रडू येतं. आलं.
राजीनामा परत मिळाला. इतिहासाचे तास मात्र दुसऱ्याला दिलेत. म्हणाले, परदेशी बाईंनी एवढं कौतुक केलंय, तर उद्यापासून पाचवीला मराठी घ्या.