हाताने लिहिलेला पार्सर

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षे झाली. माझी पत्नी गेली ती याच हिवाळ्यात. बिदरच्या कॉलेजातील तुमच्या संगणक प्रयोगशाळेत आम्ही दोघे भेटलो होतो. प्रोग्राम वाचून त्याची रचना उलगडणारा भाग, म्हणजे पार्सर, प्रत्येकाने तयार करायचा होता. मी संगणकाच्या भाषेच्या व्याकरणाचे नियम एका तयार सॉफ्टवेअर साधनाला दिले आणि त्याने बनवून दिलेला पार्सर घेऊन मोकळा झालो. ती हळ्ळीखेडहून बसने येई आणि ओळन् ओळ हाताने लिहीत बसे. अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही सर्वांसमोर दोन्हींचा वेग मोजता आहात. पहिल्या फेरीत माझा पुढे जातो आणि मी उठून उभा राहतो. तुम्ही म्हणता, "कामून नाचायलास? पहिली फेरी धरायची न्हाई, तवा तापायलाय अजून." पुढच्या सगळ्या फेऱ्या ती जिंकते. तुम्ही तिच्याकडे वळता, "अक्का, ह्याला जरा शिकीव की." "शिकिवते सर, पर ह्यो ऐकून घेतोय का बघा आधी," ती म्हणते आणि वर्ग हसतो.

पुढे आम्ही दोघेही त्याच विभागात शिकवू लागलो आणि तिचा पार्सर विद्यार्थ्यांच्या वापरात राहिला. आता त्याच्या जागी साधनाने बनवलेला घ्यावा, असे ठरत होते. मी दोन्हींचा वेग मोजून दाखवला. तिचा आजही स्पष्टपणे पुढे आहे. विभागप्रमुख बाई आमच्याच विद्यार्थिनी, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, वेग हाय, मान्य. पर उद्या भाषेत एक नियम वाढवायचा म्हटलं तर ह्यात हात कोण घालणार? मॅडम तर न्हाईत." मी म्हणालो, मी घालीन. त्यांनी तोवर बदल थांबवण्याचे मान्य केले.

तेव्हापासून मैलूरच्या घरी मी तिचा प्रोग्राम वाचतो आहे. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला, आणि तिसरे पुन्हा पहिल्याला. प्रत्येक ओळ काय करते ते मी सांगू शकतो; तिने ती तिथेच का ठेवली, हे मला सांगता येत नाही. एके ठिकाणी दोन ओळींची अदलाबदल करून पाहिली. वेग तसाच राहिला, उत्तर मात्र चुकले. विचारण्यासाठी शेजारच्या तिच्या टेबलाकडे वळलो. त्यावर आता माझी औषधे असतात. माणूस गेल्यावर त्याचा विचार तरी मागे राहतो, असे मी समजत होतो. तो समोर आहे, चालतो आहे, आणि मला आत घेत नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहितो. काल विभागप्रमुखांनी विचारले, "समजायलंय का, सर?" मी "व्हय" म्हणालो. मला काहीही समजलेले नाही.