खंड ४१, दस्त क्रमांक २१२ ची नक्कल मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
जिल्हा नोटरी दस्तऐवज कार्यालय,
रोक्कासेल्वा, सिसिली.

विषय : नोटरी कै. एत्तोरे फार्देल्ला यांच्या खंड ४१ मधील दि. ९ नोव्हेंबर १९२२ च्या दस्ताची प्रमाणित नक्कल.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सात अर्ज. २) आपली दि. ६ फेब्रुवारी २०२३ ची दोन पत्रे.

महोदय,

मी, ओर्सोला स्पातारो, वय ६४, व्यवसाय शिवणकाम, सविनय सादर करते की :

१. माझी आजी बेनेदेत्ता जानेवारी १९०९ मध्ये अनाथालयाच्या भिंतीतल्या फिरत्या चाकावर, म्हणजे नको असलेले बाळ बाहेरून गुपचूप ठेवून आत फिरवायच्या चाकावर, सापडली. सरकारने तिला ‘इग्नोती’, म्हणजे ‘अज्ञात’, असे आडनाव दिले. मिकेला ग्राफेओ नावाच्या धोबिणीने तिला दूधआई म्हणून घरी नेले व वाढवले. गावाने मात्र आजीला जन्मभर ‘चाकावरची’ म्हटले आणि तिच्या मुलींना ‘चाकावरचीच्या पोरी’. त्यांपैकी माझी आई वारली. मावशी तेरेझिना, वय ९१, हयात आहे. आपल्या आईला कोणी व का टाकले, एवढेच तिला मरण्याआधी कळायला हवे आहे.

२. आजीच्या १९३० च्या हुंडापत्राची नक्कल आपल्याच कार्यालयाने मला दिली. मिकेलाबाईने दिलेल्या बारा चादरी, दोन उशा व एक तांब्याचे घंगाळ यांच्या यादीशेजारी समासात बारीक अक्षरांत लिहिले आहे : ‘पाहा, फार्देल्ला, खंड ४१, दस्त २१२.’

३. म्हणून मी पाहायला आले. तळमजल्यावर सांगण्यात आले की शंभर वर्षे उलटलेले दस्त वरच्या मजल्यावरील इतिहास विभागाकडे जातात. वर सांगण्यात आले की खंड १९२१ ते १९२४ असा एकत्र बांधलेला आहे. शेवटच्या पानाला शंभर वर्षे होईपर्यंत तो वर घेता येत नाही, आणि पहिल्या पानाला झालेली असल्यामुळे खाली उघडता येत नाही. तूर्त तो जिन्यावरच्या मधल्या खोलीत आहे. मी विचारले, ती खोली कोणाकडे? वरच्या बाई म्हणाल्या, “खालच्यांकडे.” खालचे श्री. कुसुमानो म्हणाले, “अहो ताई, वरच्यांकडे. आमच्याकडे नुसती किल्ली असते.”

४. थेट वारसांना सवलत आहे असे कळल्यावर मी तो अर्ज भरला. त्यात पणजीच्या नावाचा रकाना आहे. नाव त्या दस्तात असावे म्हणूनच तर दस्त हवा, हे मी सांगितले. रकाना कोरा चालत नाही. मी ‘अज्ञात’ लिहिले. संगणकाने ते नाकारले. सरकारने आजीला नाव म्हणून दिलेला शब्द सरकारच्याच संगणकाला नाव वाटत नाही, यावर काय करावे हे अर्जदाराला समजत नाही. अशा रीतीने सहा अर्ज व चौदा महिने गेले.

५. दि. ३१ जानेवारी रोजी श्री. कुसुमानो यांना माझी दया आली. ते म्हणाले, “खंडाच्या पाठीवरचा नंबर तेवढा टिपून घ्या, आत हात घालू नका.” त्यांनी मला मधल्या खोलीत सोडले. तेवढ्यात त्यांना कोणी हाक मारली, जेवणाची वेळ झाली, आणि सवयीने त्यांनी दाराला कुलूप लावले. मी दार वाजवले, ओरडले. इमारत रिकामी होती. एक वाजून दहा मिनिटांपासून चार वाजेपर्यंत मी आत होते. खोलीत खुर्ची नाही. एक खिडकी आहे, तिला गज आहेत. आणि खंड ४१ आहे.

६. पहिला अर्धा तास मी आत हात घातला नाही. हे नोंदवावे.

७. मग मी वाचले. मिकेला ग्राफेओ, वय ३१, अविवाहित, धोबीण, सही येत नसल्याने फुली, दोन साक्षीदारांसमक्ष सांगते की चाकावर ठेवलेली मुलगी तिची स्वतःची होती. बाळ उघडपणे ठेवले असते तर तिच्या भावांनी दोघींनाही जगू दिले नसते. म्हणून पहाटे तिने ते चाकावर ठेवले. तिसऱ्या दिवशी, “माझं मूल दगावलं, पान्हा अजून आहे” असे सांगून ती अनाथालयात गेली आणि नगरपालिकेची दूधआई म्हणून स्वतःचेच बाळ घरी घेऊन आली. मेलेल्या मुलाला व दूधआईच्या पगाराला भावांची हरकत नव्हती. शेवटी लिहिले आहे : ‘हे मला तोंडाने सांगवत नाही. तिच्या लग्नाच्या दिवशी नोटरीसाहेबांनी वाचून दाखवावे.’ नोटरी १९२४ मध्ये वारले. लग्नाच्या वेळच्या नव्या नोटरींनी समासात ‘पाहा’ एवढेच लिहिले. कोणीही पाहिले नाही. आजीला वाचता येत नव्हते. ती १९८१ मध्ये ‘चाकावरची’ म्हणूनच गेली. महोदय, तिला कोणी टाकलेच नव्हते. ती तीन दिवसांचा अपवाद सोडता आईच्याच दुधावर वाढली.

८. त्याच संध्याकाळी मी मावशीला सांगितले. ती वाटाणे सोलत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, “मला बरं वाटावं म्हणून रचतेस होय गं? नव्वद वर्षं लोकांनी तोंडानंच सांगितलं. तोंडाचं काही नको मला. शिक्क्याचा कागद आण.” तिचे चुकते असे मला म्हणता येत नाही. तेव्हापासून ती मला रोज एवढेच विचारते, “आणलास?”

९. दुसऱ्या दिवशी मी हे सारे कार्यालयात तोंडी सांगून नक्कल मागितली. आपल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे की खंड जनतेस खुला नसल्याने अर्जदाराने तो वाचला असणे शक्य नाही, सबब न वाचलेल्या दस्ताची नक्कल देता येत नाही. त्याच तारखेच्या दुसऱ्या पत्रात, खंड विनापरवाना वाचल्याबद्दल मी पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, असे म्हटले आहे. दोन्ही पत्रांवर आपलीच सही आहे. मी वाचले नाही म्हणावे तर खुलासा खोटा ठरतो, आणि वाचले म्हणावे तर पहिले पत्र खोटे ठरते व मी कार्यालयाचा अवमान करते. तरी खुलासा असा की, वाचले. दंड, शिक्षा, जे असेल ते मान्य आहे. श्री. कुसुमानो यांचा दोष नाही. त्यांनी माझी क्षमा मागितली व घरची संत्री दिली.

१०. वारसाच्या अर्जात पणजीचे नाव मी आता ‘मिकेला ग्राफेओ’ असे भरले. पुराव्याअभावी तो परत आला आहे. पुरावा म्हणून खंड ४१, दस्त २१२ ची प्रमाणित नक्कल जोडण्यास सांगितले आहे.

सबब विनंती की नक्कल द्यावी. ते नियमात बसत नसल्यास, आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी जेवणाच्या सुट्टीत श्री. कुसुमानो यांनी मला व मावशीला मधल्या खोलीत सोडावे आणि सवयीने कुलूप लावावे. मावशीला वाचता येते. आम्ही दार वाजवणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
ओर्सोला स्पातारो
रोक्कासेल्वा, १४ फेब्रुवारी २०२३

सोबत : १) १९३० च्या हुंडापत्राची नक्कल. २) आपली दोन्ही पत्रे. ३) तेरेझिना यांना, मध्ये एकदा बसू दिल्यास, बावीस पायऱ्या चढता येतात असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र.