आईची डावी कूस

हाय-हाऊ मिठागर,
१० नोव्हेंबर १९९४

चि. थुआतस,
अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, पण जीव थाऱ्यावर नाही. आईला पुरून तीन वर्षं झाली. आता हाडं काढून, धुऊन, कायमच्या जागी ठेवायला हवीत. एकुलता एक मुलगा तू, रीतीप्रमाणे खड्ड्यातून तिचं डोकं तूच उचलायचंस. पुरताना आला नाहीस, रबराच्या मळ्यातून सुट्टी नाही म्हणालास, मी गिळलं. दक्षिणेचं गोड कालवण खाऊन आईच्या हातचं खारं विसरलास काय रे?

जन्मभर तिने कावडीने मीठ वाहिलं. वर माझी म्येन वाढवली. भाताची खरवड नातीसाठी झाकून ठेवायची, स्वतः नुसती पेज प्यायची. पोरगी चौदाची झाली, अजून आजीचीच चटई अंथरते. यंदा नाही आलास तर मला भाऊ नाही असं समजेन.

लोभ असो नसो, ये.
तुझी,
लुयेनताई


बिन्हफुओक,
२२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. चीक काढायचे दिवस आहेत, मुकादम सोडत नाही. त्यात खोकला. डोकं तूच उचल. आईला चालेल, तिला सगळंच चालायचं. मिठागरातून वाकून आली तरी आधी माझे पाय धुवायची, हे इथे रोज आठवतं.

रागावू नकोस. लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा,
थुआत


हाय-हाऊ,
१२ डिसेंबर

चि. थुआतस,
आशीर्वाद. झालं सगळं. डोकं मी उचललं. लोक बघत होते.

सुगंधी पाण्यात एकेक हाड धुतलं. एवढीशी होती रे आई! धुता धुता हात थांबला. डावीकडच्या तीन बरगड्या मोडून वाकड्या जुळल्यात. हाडं काढणारे बाककाका म्हणाले, दहा-बारा वर्षांपूर्वीचं असेल, जोरात आपटल्याशिवाय असं होत नाही. म्येन म्हणते, आजी डाव्या कुशीवर कधी झोपायचीच नाही. मी तेव्हा सासरी, घरात तू होतास. पडली होती का? कोणी मारलं तिला? एवढं दुखणं घेऊन बाई कावड वाहत राहिली आणि आम्हाला पत्ता नाही! रडून रडून अर्धी झालेय मी.

असशील तसा लिही, पण खरं लिही.
लुयेनताई


बिन्हफुओक,
२ जानेवारी १९९५

ती. ताईस,
शि. सा. न. कोणत्या तोंडाने लिहू?

मीच. मी दक्षिणेला निघालो तेव्हा तिने माझी पिशवी धरून ठेवली. सोड म्हटलं, सोडेना. मी ढकललं. खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर आपटली. आवाज मी ऐकला, ताई. पुढे तिच्या प्रत्येक पत्रात एकच, तब्येत ठणठणीत आहे, जेवत जा.

मुकादम, खोकला, सगळं खोटं. त्या बरगड्या माझ्याच हाताला लागतील हे मला माहीत होतं, म्हणून आलो नाही. पुरायलाही आलो नाही, तिचं तोंड बघायची हिंमत नव्हती. आता माफी मागायला जाऊ कुठे? भाऊ नाही असं समजणार होतीस, तसंच समज. लोभ मागत नाही.

एवढंच सांगायचं राहिलं. त्या दिवशी ती कठडा धरून उठली, काही लागलं नाही म्हणाली, आणि चुलीपाशी गेली. उपाशी जाऊ नकोस म्हणाली. तिने एका हाताने वाढलं. मी पोटभर जेवलो आणि निघालो.

थुआत